रोझेनवाल्ड शाळा कशी शोधायची

अमेरिकेच्या दक्षिणेत सेग्रिगेशनच्या (गोऱ्या-काळ्यांना कायद्याने वेगळं ठेवण्याच्या) काळात कृष्णवर्णीय मुलांसाठी 1912 ते 1932 मध्ये जवळपास 5000 शाळा उभ्या राहिल्या, कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि दानशूर उद्योजक ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या पुढाकाराने. एखादी शोधायची तर आधी काउंटीचं (तिथल्या जिल्ह्याचं) नाव काढा, मग नॅशव्हिलच्या फिस्क युनिव्हर्सिटीच्या डेटाबेसमध्ये त्या शाळेचं कार्ड बघा, बऱ्याचदा फोटोही असतो. कार्डवर खर्चाची फोड असते, कृष्णवर्णीयांनी किती दिले, गोऱ्यांनी किती, सरकारने किती, रोझेनवाल्डच्या फंडाने किती. पहिला आकडा नीट बघा, कारण ही माणसं टॅक्स भरून वर पुन्हा वर्गणी काढत होती, मला तर वाचून रागच येतो. प्रत्यक्ष गेलात तर ओळीने लावलेल्या उंच खिडक्या शोधा, वीज नव्हती ना, सगळा अभ्यास त्याच उजेडात. जवळच्या चर्चमधल्या जुन्या माणसांनाही जरूर विचारा.