लंडनच्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये सर्व्हिस बेकार मिळाली तर काय करायचं

यूकेत राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांचा एक ठरलेला कार्यक्रम आहे. वीकेंडला इंडियन खायला जायचं, तिथे वीस मिनिटं कोणी मेनूसुद्धा आणून देत नाही, नान गार येतो, पनीर सांगितलेलं असतं आणि चिकन येतं, वेटर उलट आपल्यालाच ऐकवतो, आणि आपण "जाऊ दे ना, कुठे वाद घालायचा" म्हणत साडेबारा टक्के सर्व्हिस चार्जसकट बिल भरतो आणि मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्रभर शंख करत बसतो. त्याचा शून्य उपयोग. तक्रार करायची ती टेबलावर, आणि ताटात अन्न शिल्लक असेपर्यंत. बाकीचं सगळं त्यानंतर.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, ती म्हणजे "आपलेच लोक आहेत". यूकेतल्या गल्लीबोळातली बरीचशी जुनी "इंडियन" रेस्टॉरंटं बांगलादेशी कुटुंबं चालवतात, त्यातली बहुतेक सिल्हेटकडची, आणि तो मेनू इंग्रज गिऱ्हाईक डोळ्यासमोर ठेवून बनलेला आहे. कोर्मा म्हणजे गोडसर, मद्रास म्हणजे तिखट, विंदालू म्हणजे अजून तिखट, आणि खाली बेस बहुतेक ठिकाणी एकच, कांद्याची मोठ्या पातेल्यात आधीच शिजवून ठेवलेली ग्रेव्ही. त्यामुळे जैन किंवा कांदा-लसूण नसलेलं मागितलं तर वेटरचा चेहरा पडतो तो उद्धटपणा नसतो हो, किचनमध्ये तसं काही नसतंच. आणि "आमच्या गोव्यात विंदालूत बटाटा नसतो" ही तक्रार नाही, ते आपलं दुःख आहे, ते घरी आणा. घरच्यासारखं खायचं असेल तर सरळ लंडनमधल्या वेम्बली, साउथॉल, टूटिंग नाहीतर लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडला जा, यूस्टन स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळ आणि डोसा मिळतो.

म्हणजे तक्रार कशाला म्हणायचं? गार जेवण, कच्चं चिकन, सांगितलं एक आलं दुसरं, मेनूवर लिहिलंय तसं नाही, तासभर वाट बघायला लावली, उद्धट बोलले, बिलात न मागितलेलं घुसवलं. या सगळ्यावर तक्रार करायचा तुमचा हक्क आहे आणि तो २०१५ च्या कंझ्युमर राइट्स अ‍ॅक्टमध्ये आहे. सर्व्हिस वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यायला हवी आणि जेवण वर्णनाप्रमाणे, ठीकठाक दर्जाचं असायला हवं. नसेल तर पैसे कमी करून मागता येतात. हे माहीत असलं की आवाज चढवायची गरज पडत नाही, खरं सांगते.

बसायच्या आधीच अर्धी भांडणं टाळता येतात. दारावर हिरवा-काळा हायजीन रेटिंगचा स्टिकर बघा, शून्य ते पाच असतं. वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये तो लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही, म्हणून लंडनमध्ये स्टिकर दिसला नाही तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या साइटवर नाव टाकून बघायचं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ब्रिक लेन या लंडनमधल्या करी रेस्टॉरंटांच्या रस्त्यावर गेलात तर दारात उभी असलेली माणसं "वीस टक्के ऑफ, ड्रिंक फ्री" म्हणून हाताला धरून आत नेतात, आणि बिल आलं की त्या सवलतीचा पत्ता नसतो आणि तो माणूसही नसतो. आत शिरायच्या आधी मॅनेजरकडून ते मेनूवर पेनाने लिहून घ्या. लिहून देत नसतील तर पुढचं दुकान दहा पावलांवर आहे.

मग पापड. बसल्या बसल्या पापड आणि चटण्यांचा ट्रे येतो आणि आपल्याला वाटतं की हे पाहुणचाराचं आहे. नाही. बहुतेक ठिकाणी पापड नगावर असतो आणि चटण्यांचे वेगळे पैसे. नको असेल तर लगेच परत पाठवा, एक तुकडा मोडला की संपलं. भात वेगळा मागवावा लागतो, करीबरोबर येत नाही. पाणी मागताना "टॅप वॉटर" असं स्पष्ट म्हणा, नुसतं "वॉटर" म्हटलं तर बाटली येते आणि तिचे तीन-चार पौंड लागतात. दारूचं लायसन्स असलेल्या ठिकाणी इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लायसन्स नसलेल्या, स्वतःची बाटली घेऊन या म्हणणाऱ्या जागांना मात्र ही सक्ती नाही.

आता मुख्य भाग. जेवण आलं आणि गडबड आहे, तर दोन घासांच्या पुढे जाऊ नका. आपल्याकडची सवय अशी की अन्न टाकायचं नाही म्हणून पूर्ण ताट संपवायचं आणि मग सांगायचं की बरोबर नव्हतं, आणि समोरचा रिकाम्या ताटाकडे बघून हसतो, त्याचंही चूक नाही. फोटो काढा, ताट थोडं पुढे सरकवा, हात वर करून थांबा. टिचक्या वाजवणं, "ए भैया" ओरडणं, शिट्टी, हे प्लीज नका करू, तो माणूस बारा तास उभा असतो आणि अपमान केला की तो तुमचं काम सगळ्यात शेवटी करणार. हिंदीत सुरू करायचं की इंग्रजीत हा प्रश्न सगळ्यांना पडतो. माझं मत, गप्पा हिंदीत, तक्रार इंग्रजीत. हिंदीत सुरू झालं की "अरे भाईसाब, आप तो अपने हो, अ‍ॅडजस्ट कर लो" सुरू होतं आणि तुम्ही अडकलात.

वाक्य छोटं ठेवा आणि काय हवंय ते त्याच दमात सांगा. "एक्सक्यूज मी, धिस इज कोल्ड, कुड यू प्लीज रिप्लेस इट?" बस. किंवा "वी ऑर्डर्ड पनीर, धिस इज चिकन, वी आर व्हेजिटेरियन, प्लीज टेक इट बॅक." सगळी कहाणी सांगायची नाही, मागच्या वेळी काय झालं होतं तेही नाही. बदलून हवंय, का बिलातून काढायचंय, का फक्त लवकर हवंय, हे आधी ठरवा, कारण नुसती नाराजी दाखवली तर समोरून नुसतं "सॉरी" मिळतं आणि विषय संपतो. वेटरने खांदे उडवले तर त्याच्याशी वाद नाही, "मे आय स्पीक टु द मॅनेजर?" म्हणा. मॅनेजर आल्यावर परत तेच दोन वाक्यांत. शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या लोकांना आपल्या आधी वाढलं हे बऱ्याच जणांना खुपतं आणि कधीकधी ते खरंही असतं, पण तिथे "तुम्ही भेदभाव करता" असं मोघम म्हणण्यापेक्षा "आम्ही सात वाजता ऑर्डर दिली, त्यांनी सव्वासातला, त्यांचं आलं आणि आमचं का नाही?" असं विचारा. वेळ सांगितली की उत्तर द्यावंच लागतं.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं. भजी आणि चिकन पकोडा एकाच तेलात तळले जातात का, नानच्या पिठात अंडं आहे का, हे ऑर्डर देतानाच विचारा, जेवून झाल्यावर नाही. आणि वेटर अ‍ॅलर्जीबद्दल विचारतो तेव्हा "नो नो, एव्हरीथिंग ओके" म्हणून उडवून लावू नका. इथे ज्यांची अ‍ॅलर्जी होते अशा पदार्थांची, म्हणजे १४ अ‍ॅलर्जनची यादी आहे आणि त्यांची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे. आपण भाजीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात दाण्याचं कूट घालणारी माणसं, त्यामुळे हे आपल्याला फॅड वाटतं. पण २०१४ मध्ये नॉर्थ यॉर्कशायरमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेला एक गिऱ्हाईक पार्सल नेलेली टिक्का मसाला करी खाऊन मेला, "नो नट्स" सांगूनसुद्धा, कारण बदामाच्या पुडीऐवजी स्वस्तातली शेंगदाणा असलेली पूड वापरली होती, आणि २०१६ मध्ये मालकाला सहा वर्षांची शिक्षा झाली. अ‍ॅलर्जी सांगूनही कोणी दुर्लक्ष केलं तर तिथे जेवूच नका, उठा.

बिल. घाईत पिन दाबायच्या आधी ओळ न् ओळ वाचा. न मागवलेलं काही आहे का, पापड किती लावलेत, आणि खाली वेगळा व्हॅट जोडलाय का. आपल्याकडे मेनूच्या किमतीवर जीएसटी वेगळा लागतो म्हणून आपल्याला ते नॉर्मल वाटतं, पण यूकेत गिऱ्हाइकाला दाखवलेल्या किमतीत व्हॅट धरलेला असावा लागतो, वर परत लावला असेल तर विचारा. मग सर्व्हिस चार्ज. लंडनमध्ये साधारण साडेबारा टक्के, आणि मेनूत कुठेतरी बारीक अक्षरात "डिस्क्रेशनरी" लिहिलेलं असतं, म्हणजे द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. सर्व्हिस वाईट होती तर "प्लीज टेक द सर्व्हिस चार्ज ऑफ" एवढंच म्हणायचं, कारण विचारलं तर एका वाक्यात सांगायचं, ते नवीन बिल छापून आणतात. सक्तीचा असेल आणि आधीच स्पष्ट लिहिलेला असेल तरी सर्व्हिसच धड मिळाली नाही म्हणून कमी करून मागता येतो. भारतातसुद्धा मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सक्तीच्या सर्व्हिस चार्जच्या विरोधात निकाल दिलाय, तेव्हा सुट्टीत पुण्या-मुंबईला गेलात तरी हे लक्षात ठेवा.

एक मात्र सांगते. गोंधळ किचनचा असेल आणि वेटर बिचारा धावपळ करत असेल तर त्याचे पैसे कापू नका, जेवणाचे कापायला सांगा. ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये टिप आणि सर्व्हिस चार्ज मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही, सगळा स्टाफला द्यावा लागतो. त्यातून एप्रिल २०२४ मध्ये परदेशातून कामाला येणाऱ्यांच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी वर्षाच्या पगाराची अट वाढवून ३८,७०० पौंड केली, करी हाउसना आचारी आणणं अजून अवघड झालं, त्यामुळे कित्येक किचनमध्ये माणसंच कमी आहेत. उद्धटपणाला हे कारण नाही, उशिराला आहे.

मॅनेजर ऐकतच नसेल तर? पैसे न देता उठून निघायचं नाही, कधीच नाही, पैसे बुडवून पळणं हा इथे गुन्हा आहे. दोन रस्ते आहेत. एक, जे नीट मिळालं त्याचे पैसे द्या, उरलेले का देत नाही ते सांगा आणि तुमचं नाव-पत्ता त्यांना लिहून द्या, मग तो पैशांच्या वादाचा मामला होतो, पोलिसांचा नाही. दोन, आणि मुलं बरोबर असतील तर हाच बरा, पूर्ण पैसे द्या पण बिलाच्या प्रतीवर "पेड अंडर प्रोटेस्ट", म्हणजे हरकत नोंदवून पैसे दिले, असं लिहून फोटो काढा, आणि नंतर ईमेलवर परतावा मागा. ईमेलमध्ये तारीख, वेळ, टेबल, काय झालं, कोणाला सांगितलं, किती पैसे परत हवेत, १४ दिवसांची मुदत. अपमानकारक शब्द नको. उत्तर नाही आलं तर लोकांना फुकट सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसला फोन करा, ते पुढे ट्रेडिंग स्टँडर्ड्सला, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी खात्याला, कळवतात.

पोट बिघडलं तर लगेच शेवटच्या जेवणावर खापर फोडू नका, काही जंतूंची लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात. जीपीकडून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडून, तपासणी करून घ्या आणि त्या भागातल्या काउन्सिलच्या एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ विभागाला कळवा, ते खरंच येऊन किचन तपासतात.

बारसं, डोहाळजेवण, गणपतीचं जेवण यासाठी रेस्टॉरंटला मोठी ऑर्डर देताना डिपॉझिट क्रेडिट कार्डवर भरा, कॅश नाही आणि ओळखीच्याच्या बँक खात्यातही नाही. १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीला १९७४ च्या कंझ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम ७५ लागतं, म्हणजे त्यांनी टांग मारली तर कार्ड कंपनीसुद्धा जबाबदार, आणि थोडंसंच डिपॉझिट कार्डवर भरलेलं असलं तरी चालतं. किती माणसं, कुठले पदार्थ, किती वाजता, हे सगळं मेसेजवर लेखी घ्या, "टेन्शन नका घेऊ वहिनी, होऊन जाईल" हे लेखी नसतं.

घरपोच मागवलेल्या जेवणाचं सोपं, अ‍ॅपमध्ये लगेच फोटोसकट तक्रार टाका, दुसऱ्या दिवसावर ढकललं की कोणी विचारत नाही.

रिव्ह्यू लिहायचाच तर रागाच्या भरात त्याच रात्री नको, दुसऱ्या दिवशी लिहा. जे स्वतः बघितलं तेवढंच. "चिकन आतून गुलाबी होतं, मॅनेजरने बदलून द्यायला नकार दिला" हे चालतं, "हे लोक चोर आहेत, शिळं विकतात" हे सिद्ध करता आलं नाही तर बदनामीचं पत्र घरी येऊ शकतं. मालकाने उत्तर देऊन पैसे परत केले तर रिव्ह्यूत तेही टाका.