प्रकाशाने वायू फोडायला निघालात? या चुका टाळा

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आमच्या पोट्ट्यांना 'ओझोन बनवणारं यंत्र' सुचतं. निळसर उजेड दिसला की यांचं काम झालं!

तीन वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत दोघांनी जंतुनाशक यूव्ही (अतिनील प्रकाशाची) नळी आणली, प्लायवूडच्या डब्यात बसवली. साबुदाण्याच्या खळीत पोटॅशियम आयोडाइड कालवून कागदाच्या पट्ट्या केल्या; ओझोन लागला की त्या निळ्या होतात. दोन दिवस दिवा चालला. "सर, कागद काही निळा होऊन नाही राहिला." तीनदा नव्या पट्ट्या केल्या, बिचाऱ्या खळीला शिव्या घातल्या. शेवटी मी चष्मा लावून नळीचं टोक पाहिलं. बारीक अक्षरांत छापलेलं: ओझोनमुक्त.

अशा नळीतली पाऱ्याची वाफ मुख्यतः २५४ आणि १८५ नॅनोमीटरच्या लहरी सोडते. ओझोन बनायला आधी हवेतला ऑक्सिजन फुटावा लागतो, आणि त्याचा बंध तोडायला मोलमागे सुमारे ४९८ किलोज्यूल लागतात. २५४ मधून ४७१ मिळतात, १८५ मधून ६४६. म्हणजे कामाची लहर १८५ ची, आणि तीच त्या नळीची काच आतल्या आत गिळत होती. वर २५४ ची लहर तयार ओझोनही फोडते. नागपूरहून १८५ ची लहर बाहेर सोडणारी क्वार्ट्झची नळी आणली, तेव्हा ओल्या पट्टीची कड निळसर झाली. तेव्हापासून मी आधी १,१९,६०० ला नॅनोमीटरने भागतो, म्हणजे मोलमागे किलोज्यूल मिळतात. उत्तर बंधाच्या ऊर्जेपेक्षा कमी आलं तर पाकिटाला हात लावत नाही. हा हिशोब दोन मिनिटांचा, पण व्हिडिओ पाहून आलेल्यांना तेवढाही दम नसतो.

दुसरा गैरसमज मे महिन्यातला: ऊन ४५ डिग्रीचं, मग वायू लवकर फुटणार. पत्र्याची धग वेगळी, फोटॉनची म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणाची ताकद वेगळी. क्लोरीनचा बंध सुमारे ४९२ नॅनोमीटरपर्यंतच्या प्रकाशाने तुटतो. लाल बल्ब कितीही मोठा लावा, बंध तसाच राहतो. मिणमिणता निळा दिवा थोडा का होईना, तोडतो.

हायड्रोजन-क्लोरीनचं मिश्रण उन्हात ठेवून बघायचं नाही. साखळी सुरू होते, एका फोटॉनमागे लाखभर रेणू बनू शकतात, आणि बाटली फुटते. फळ्यावर समीकरण लिहा, पुरे.

यूव्हीने हवा किरणोत्सारी होत नाही.

डबा उघडण्याआधी स्विच बंद, डोळे जातात. आणि ओझोनचा तिखट वास आला की खिडक्या उघडा; "वा, पावसानंतरची हवा!" म्हणत छाती भरून घेणारे पालक मी पाहिलेत.