त्वचा-संशोधनासाठी सामायिक जैवमाहिती व सांख्यिकी कोअरची मदत कशी घ्यावी

अमेरिकेत त्वचेच्या आजारांवरील संशोधनाला अनुदान देणारी ‘एनआयएएमएस’ ही राष्ट्रीय संस्था नॉर्थवेस्टर्न, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या विद्यापीठांतील त्वचाविज्ञानाच्या संसाधन-केंद्रांना साहाय्य करत आली आहे. एकट्या प्रयोगशाळेला स्वतःचा संख्याशास्त्रज्ञ किंवा सिक्वेन्सिंगचा (डीएनए-आरएनएचा क्रम वाचण्याचा) डेटा हाताळणारा तज्ज्ञ नेमणे सहसा परवडत नाही. म्हणून ही कौशल्ये अनेकांनी मिळून वापरायच्या ‘कोअर’मध्ये एकत्र ठेवण्याची पद्धत रुळली. अशा कोअरकडे प्रथमच जाणाऱ्या संशोधक-विद्यार्थ्यासाठी पुढील सूचना आहेत. आपल्याकडे स्वतंत्र कोअर नसेल आणि शेजारच्या विभागातील संख्याशास्त्रज्ञालाच गाठायचे असेल, तरी कामाचा क्रम हाच ठेवावा.

पहिली भेट नैतिकता समितीकडे अर्ज पाठवण्यापूर्वी घ्यावी. समितीची मान्यता मिळाल्यावर रुग्णांची संख्या वाढवायची किंवा बायोप्सीची जागा बदलायची म्हटले, तर कागदपत्रांचा सारा फेरा पुन्हा सुरू होतो. भेटीला जाताना एका पानावर संशोधनाचा प्रश्न, कोणत्या दोन गटांची तुलना करायची, किती रुग्ण मिळण्याची शक्यता आहे आणि एकूण खर्च किती परवडेल, एवढे लिहून न्यावे. ‘सोरायसिसमध्ये कोणती जनुके बदलतात’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या कोपरावरील चट्ट्यात आणि त्याच हाताच्या चट्टा नसलेल्या त्वचेत काय फरक आहे’ असा प्रश्न असेल, तर त्यावर आराखडा उभा राहतो.

त्वचेच्या संशोधनाला एक मोठी सोय उपलब्ध असते: आजारी आणि निरोगी दिसणारी त्वचा एकाच माणसाकडून मिळू शकते. या सोयीची किंमत आकड्यांत पाहता येते. फरकाचे प्रमाण ०.८ प्रमाण-विचलन इतके अपेक्षित असेल, पी-मूल्याची (प्रत्यक्षात फरक नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेची) मर्यादा पाच टक्के आणि फरक सापडण्याची शक्यता ऐंशी टक्के धरली, तर स्वतंत्र गटांच्या तुलनेत प्रत्येक गटात सुमारे २६, म्हणजे एकूण ५२ माणसे लागतात. तेच नमुने जोडीने घेतले आणि दोन जागांच्या मोजमापांतील सहसंबंध ०.५ असला, तर सुमारे १५ रुग्ण पुरतात. मात्र विश्लेषणात ती जोडी सांगावी लागते; नमुन्यांच्या तक्त्यात रुग्णाचा क्रमांकच नसेल, तर कोअरला ती जोडी पुन्हा जुळवता येत नाही. हजारो जनुके एकाच वेळी तपासताना बहुचाचणीची दुरुस्ती (अनेक चाचण्यांमुळे योगायोगाने दिसणारे खोटे फरक गाळण्याची सोय) करावी लागते, त्यामुळे हा हिशेब आणखी कडक होतो. तो स्वतः अंदाजाने करण्यापेक्षा आपला पूर्वीचा प्राथमिक डेटा कोअरच्या हाती द्यावा.

सिंगल-सेल प्रयोगांत, म्हणजे एकेका पेशीचा आरएनए वेगवेगळा वाचताना, सर्वांत जास्त घोटाळा ‘एन’ या अक्षराचा, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांच्या संख्येचा होतो. सहा रुग्णांकडून प्रत्येकी पाच हजार पेशी मिळाल्या, तर पेशी तीस हजार होतात, पण ‘एन’ सहाच राहतो. एका शेतातली तीस हजार कणसे मोजली म्हणून शेते तीस हजार होत नाहीत. प्रत्येक पेशी स्वतंत्र मानून चाचणी केली की पी-मूल्ये भुलवण्याइतकी लहान येतात. म्हणून आजार आणि निरोगी यांची तुलना करताना एका रुग्णाच्या एका प्रकारच्या पेशींची मोजणी एकत्र करून, म्हणजे ‘स्यूडोबल्क’ पद्धतीने, विश्लेषण करण्याचा आग्रह धरावा. कोअरने स्वतःहून ते सुचवले नाही, तर विचारण्यात संकोच नको.

त्वचेपासून पेशी सुट्या करायला वेळ लागतो आणि त्या प्रक्रियेतच एफओएस, जेयूएन यांसारखी ताणाशी निगडित जनुके जागी होतात. सगळे रुग्ण सोमवारी आणि सगळे निरोगी गुरुवारी हाताळले, तर दिसणारा फरक आजाराचा की वाराचा, हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक दिवशी दोन्ही गटांतले नमुने असावेत आणि बायोप्सी घेतल्यापासून एन्झाइममध्ये टाकेपर्यंतचा वेळ नोंदवावा. उंदरांच्या बाबतीत वय आणि पाठीवरची नेमकी जागा लिहावी, कारण केसांच्या वाढीच्या टप्प्यानुसार सबंध त्वचेची जाडी आणि तिचा आरएनए बदलतो. सुमारे सात आठवड्यांच्या सी५७ ब्लॅक-६ उंदराची त्वचा साधारण विश्रांतीच्या टप्प्यात असते.

त्वचेवरील जिवाणूंचा अभ्यास असेल, तर जिवाणू ओळखण्यासाठी वाचल्या जाणाऱ्या सोळा-एस जनुकाचा कोणता भाग वाचायचा, हे आधीच ठरवावे. आतड्यांसाठी सरसकट वापरला जाणारा व्ही-४ भाग त्वचेवरच्या क्युटीबॅक्टेरियम या जिवाणूची नोंद कमी करतो. व्ही-१ ते व्ही-३ हा भाग अधिक योग्य ठरतो. स्वॅबमध्ये जिवाणूंचा डीएनए अत्यल्प असतो, म्हणून बाहेरून मिसळलेला डीएनए ओळखता यावा यासाठी न वापरलेले कोरे स्वॅबही त्याच बॅचमध्ये पाठवावेत.

नमुन्यांचा तक्ता कोअरने दिलेल्या साच्यातच भरावा: एका ओळीत एक नमुना, एका स्तंभात एकच गोष्ट आणि रंग भरून माहिती सांगण्याचा प्रकार नको. एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकतो. हा उपद्रव इतका वाढला की जनुकांची नावे ठरवणाऱ्या एचजीएनसी समितीने २०२० साली ‘सेप्ट’ व ‘मार्च’ कुळांतल्या जनुकांची नावे बदलल्याचे जाहीर केले. रुग्णाचे नाव किंवा रुग्णालयातील नोंदणी क्रमांक तक्त्यात मुळीच लिहू नये. सोरायसिसची तीव्रता नोंदवताना लाली कशी मोजली, हेही लिहावे, कारण सावळ्या त्वचेवर ती जांभळट किंवा तपकिरी दिसते आणि गुण कमी पडू शकतात.

फाइलींच्या हस्तांतराबाबत फार सांगण्याजोगे नाही: मूळ फास्टक्यू फाइली (सिक्वेन्सिंगचा कच्चा डेटा) दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि चेकसम (प्रत तंतोतंत आहे का हे दाखवणारा आकडा) जुळल्याशिवाय काही पुसू नये.

पैसे आणि लेखकत्व हे विषय पहिल्याच भेटीत काढावेत. तासाप्रमाणे शुल्क भरले म्हणजे लेखकत्वाचा प्रश्न मिटला, असा समज चुकीचा आहे. आयसीएमजेई या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांनुसार आराखड्यात किंवा अर्थनिर्णयात भरीव सहभाग असलेला, लेखनात वाटा उचलणारा, अंतिम मसुद्याला संमती देणारा आणि उत्तरदायित्व स्वीकारणारा विश्लेषक लेखक ठरतो, मग त्याच्या तासांचे बिल भरलेले असो वा नसो. डेटा कुठे जमा करायचा, हेही तेव्हाच ठरवावे, कारण रुग्णाच्या संमतिपत्रात त्याचा उल्लेख लागतो. एनआयएच या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे डेटा-सामायिकीकरणाचे धोरण जानेवारी २०२३ पासून लागू आहे. भारतात असा डेटा जमा करण्यासाठी फरिदाबाद येथील इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटर २०२२ मध्ये सुरू झाले.

निकाल हाती घेताना केवळ आलेख आणि जनुकांची यादी स्वीकारू नये. वापरलेला कोड, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, जीनोमची आवृत्ती आणि वगळलेल्या नमुन्यांची कारणे लेखी मागावीत, कारण नियतकालिकाच्या परीक्षकाचा प्रश्न येईपर्यंत काम करणारा विश्लेषक दुसऱ्या नोकरीवर गेलेला असण्याची शक्यता असते.