गावात आर शिकवायच्या आधीची पॅकेजची तयारी

भाऊ, रविवारी आपल्या वाचनालयात पोट्ट्यांना आर (आकडेवारीचं काम करायची प्रोग्रामिंग भाषा) शिकवायचं आहे आणि तिथं रेंज कधी येते कधी जाते, त्यामुळं सगळी पॅकेजं (आरमध्ये जोडायचे तयार कोडचे संच) शनिवारपर्यंत पेनड्राइव्हमध्ये पाह्यजेच. मागच्या खेपेला हे केलं नव्हतं, अर्धा दिवस डाउनलोड कधी होते तेच पाहत बसलो, पोट्टे कंटाळून घरी गेले, मला अजून वाईट वाटते.

पहिलं काम निवडीचं. क्रॅनवर (आरच्या पॅकेजांचं इंटरनेटवरचं भांडार) 20 हजारांच्या वर पॅकेजं आहेत, एकेक शोधत बसू नका, टास्क व्ह्यू उघडा. विषयवार याद्या आहेत त्या, त्या विषयातले जाणकार स्वतःचा वेळ देऊन सांभाळतात, शेतीची वेगळी, प्रयोगांच्या आखणीची वेगळी, आणि त्यात मुख्य पॅकेजं कोणती तेही सांगितलेलं असते. आपल्या पोरांजवळ कपाशी अन् तुरीच्या प्लॉटचा डेटा आहे, तर त्याच्या विश्लेषणाला अ‍ॅग्रिकोले घ्या, सरावाला अ‍ॅग्रिडॅट (त्यात जुन्या शेतीप्रयोगांचा खरा डेटा आहे), एक्सेल वाचायला रीडएक्सएल, आलेखाला जीजीप्लॉट2. एवढंच. नकाशे करायचे असतील तर एसएफ, जुन्या नोट्समधलं आरजीडॅल घेऊ नका, ते 2023 मध्येच बंद झालं.

आता खरी मेख. एक पॅकेज कधी एकटं येत नाही, जीजीप्लॉट2 ला आरलँग लागते, स्केल्स लागते, त्यांना अजून दुसरी, म्हणून नुसती चार झिप फाइल उचलून नेल्या तर तिथं बहुतेक चालणार नाहीत. आरसोबतच येणाऱ्या टूल्स पॅकेजमधलं पॅकेज_डिपेंडन्सीज हे फंक्शन रिकर्सिव्ह ट्रू करून चालवा, पूर्ण गोतावळा समोर येते, मग डाउनलोड.पॅकेजेसनं ते सगळं एका फोल्डरमध्ये उतरवा आणि त्याच फोल्डरवर राइट_पॅकेजेस चालवा, ते अनुक्रमणिकेची फाइल करून देते, की झालं आपलं छोटं क्रॅन पेनड्राइव्हवर.

पण त्याच्या आधी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आरची कोणती आवृत्ती आहे ते फोन करून विचाराच, 4.3 साठी बांधलेली विंडोजची झिप 4.4 वर चालेल याचा भरवसा नाही, त्यापेक्षा सगळ्यांना एकच आवृत्ती द्या, तिचा इन्स्टॉलरही पेनड्राइव्हमध्येच टाका. कोणाजवळ लिनक्स असेल तर त्याच्यासाठी सोर्स फाइली (मूळ कोडच्या) वेगळ्या काढा, त्या कंपाइल व्हायला म्हणजे चालण्याजोग्या बनायला वेळ लागते, त्याला लवकर बोलवा.

शनिवारी रात्री वायफाय बंद करून एका रिकाम्या लॅपटॉपवर सगळं टाकून पाहा. चाललं की सेशनइन्फो या फंक्शनचं आउटपुट (आर अन् पॅकेजांच्या आवृत्त्यांची यादी) टेक्स्ट फाइलमध्ये ठेवून द्या, पुढच्या खेपेला लागते. लॅपटॉप चार्ज, एक्स्टेंशन बोर्ड, दुसरा पेनड्राइव्ह. आणि पोरांना सायटेशन हे फंक्शन जरूर दाखवा, पॅकेज कोणी लिहिलं ते त्यात येते, रिपोर्टमध्ये त्यांचं नाव आलंच पाह्यजे, फुकटात देऊन राहिले ना ते आपल्याला.