पहिल्या वर्षाच्या मुलांचं करिअर: पालकांनी नेमकं काय करावं

‘पुढे काय करायचं ठरवलंयस?’ असं कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारून फारसं हाती लागत नाही. ‘माहीत नाही’ म्हणायचा संकोच वाटतो, म्हणून ती काहीतरी ठोकून देतात आणि घरचे तेच धरून बसतात. त्यापेक्षा छोटं विचारा. या आठवड्यात कोणत्या तासाला वेळ कसा गेला ते कळलं नाही? कोणतं सबमिशन शेवटच्या रात्रीपर्यंत टाळलंस? अवघड होतं म्हणून, की कंटाळवाणं होतं म्हणून? अवघड विषय सरावाने जमतो, कंटाळ्याचं तसं नसतं. उत्तरं मुलांनीच फोनमध्ये टिपून ठेवावीत. दोन सत्रांनी वाचली की आवडीनिवडी दिसू लागतात.

तुमच्या ओळखीपाळखीचा उपयोग इथे होतो, पण नोकरीसाठी शब्द टाकायला नव्हे. ज्या कामाबद्दल कुतूहल आहे ते प्रत्यक्ष करणारी दोन-तीन माणसं शोधा. निदान एक जण कामाला लागून चार-पाच वर्षंच झालेला असू द्या. मुरलेल्या माणसांच्या सुरुवातीच्या आठवणी बऱ्याचदा जुन्या झालेल्या असतात. त्यांची परवानगी घेऊन नंबर द्या आणि बाजूला व्हा. मेसेज मुलांनीच करावा: मी अमुक, अमुक शिकतेय, 20 मिनिटं बोलता येईल का? विचारायचं असं: कालचा दिवस कामात कसा गेला, सगळ्यात रटाळ भाग कोणता, नवीन माणूस घेताना काय बघता. बोलणं चालू असताना शेजारी बसू नका. मोठं माणूस दिसलं की समोरचा त्याच्याशीच बोलू लागतो.

बायोडेटा एका पानाचा पुरे. शुद्धलेखन तपासून द्या, वाक्यं लिहून देऊ नका. मुलाखतीत एका ओळीवर दोन प्रश्न आले की उसनी भाषा उघडी पडते.

सुट्टीतल्या कामाची शोधाशोध तीन-चार महिने आधी सुरू व्हायला हवी. बऱ्याच इंटर्नशिप वरच्या वर्षांसाठी असतात, तेव्हा नकारांनी घाबरू नका. दुकानातलं किंवा स्वयंसेवेचं कामही चालेल. त्यात गिऱ्हाइकाशी बोलणं आणि वेळ पाळणं शिकता येतं.

आणि पैशांचं स्पष्ट बोला: किती वर्षांची फी भरू शकता, पुढच्या शिक्षणाला कर्ज काढावं लागेल का. विषय किंवा शाखा बदलायची सोय असेल, तर तिची शेवटची तारीख पहिल्याच महिन्यात कॉलेजच्या ऑफिसातून विचारून घ्यायला सांगा. ती हुकली तर वर्ष वाया जाऊ शकतं, भरलेली फीही.