धाब्याचं जुनं घर विकताय? या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर, पारोळा, एरंडोल या पट्ट्यात मी बरीच वर्षं जुन्या घरांचे व्यवहार जुळवतोय. धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं, सागाच्या खांबांचे वाडे, गावाच्या कडेला निंबाखाली असलेली ऐसपैस घरं. वर्षानुवर्षं कुलूप लागलेल्या घराचा मालक भेटला की म्हणतो, "भाऊ, आमच्या घराला गिऱ्हाईकच नाही." गिऱ्हाईक असतं. अशा घराला एखाद-दुसरंच असतं, आणि नेमकं तेच आपल्या हातानं घालवलं जातं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे विकायच्या आधी घर चकचकीत करणं. बोरी नदीकाठच्या एका गावात दोन चौकांचं घर होतं. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या तुळया, त्यावर कड्या, म्हणजे छताचे आडवे लाकडी वासे, आणि वर खारीचं, म्हणजे खाऱ्या मातीचं धाबं. मालक नोकरीनिमित्त पुण्याला. नाशिकचं एक जोडपं ते पाहून गेलं. बाई तासभर ओट्यावर बसून राहिल्या, उठवेना त्यांना. किंमत जवळपास ठरली, दिवाळीनंतर इसार द्यायचं बोलणं झालं. मालकाला वाटलं, तेवढ्यात रंगरंगोटी केली तर दोन लाख जास्त सुटतील. मला न विचारता त्यांनी गवंडी लावला. भिंतींना सिमेंटचं प्लास्टर, खांबांना तपकिरी ऑइलपेंट, माजघरात कड्यांखाली पीओपीचं छत. दिवाळीनंतर ते दोघं आले. बाईंनी खांबावर हात ठेवला, वर पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कड्या कुठं गेल्या?" चहासुद्धा न घेता गेले.

पुढच्या पावसाळ्यात धाबं गळलं आणि पाणी पीओपीमागे साचलं. मातीची भिंत ओल शोषते आणि ऊन पडलं की सोडून देते. सिमेंट ती वाट बुजवतं. ओल आत कोंडली आणि प्लास्टरचे पोपडे मातीसकट खाली आले. शेवटी लाकडाचा व्यापारी आला, खांब, तुळया, दारं मोजून घेऊन गेला. राहत्या घराची उरली फक्त मोकळी जागा. मला ते अजून सलतं.

विक्रीआधी मी दोनच कामं करायला लावतो. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी खारी टाका आणि लाकडाला उधईचं, म्हणजे वाळवीचं औषध मारा. भिंतींना फार तर पांढऱ्या मातीचा हात. ज्याला सिमेंटचं घर हवंय तो कॉलनीत प्लॉट घेतो, तुमच्या दारात येत नाही.

दुसरी चूक कागदांची. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं असताना मालक तलाठ्याकडे पळतो. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून "हे बघा, नावावर आहे" म्हणतात. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. एकदा एका गिऱ्हाइकाच्या मामांनी तो हातात घेतला, उलटून पाहिला आणि म्हणाले, "घर भारी शे भाऊ, पन कागद कोठे शेतस?" तिथंच बैठक मोडली. स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली, तिच्यात ड्रोननं गावठाणं मोजली जातात आणि घराची मिळकत पत्रिका निघते. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर आधी ती काढा. बँकेचं कर्ज काढून घेणारा माणूस त्याशिवाय पुढं सरकत नाही.

आणि बहिणी. वडिलोपार्जित घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे २००५ च्या दुरुस्तीनं स्पष्ट झालंय. तरी भाऊ आपसात इसार घेऊन मोकळे होतात आणि सुरतेला दिलेल्या बहिणीला शेवटच्या दिवशी सहीला बोलावतात. एका घरात बहिणीला पैसा नकोच होता, हक्कसोडपत्र द्यायला ती आनंदानं तयार झाली असती. माहेरचं घर विकताना आपल्याला कुणी विचारलंही नाही, एवढ्याच दुःखानं तिनं सही नाकारली, आणि तिचं दुःख खरं होतं. इसाराची घाई करणाऱ्या मालकाचं घर मी आता हातात घेत नाही. आधी सगळी भावंडं एका ओट्यावर बसवतो, वारस नोंद पाहतो, मगच किमतीचं बोलतो.

घर मळ्यात असेल, सातबाऱ्यावरच्या जमिनीत, तर खरेदीदार शेतकरी आहे का हे पहिल्या फोनलाच विचारा. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

घर दाखवायची वेळही लोक चुकवतात. दिवाळीच्या गारव्यात सगळीच घरं छान वाटतात. मी मे महिन्यात, भर दुपारी दोनला घेऊन जातो. बाहेर पंचेचाळीस अंशांनी डोकं तापलेलं, आणि माजघरात पाऊल टाकलं की अंग निवतं. पंखा बंद ठेवतो. दुसरी भेट मात्र भर पावसात ठेवतो. गळत असेल तर गिऱ्हाइकानं माझ्यासमोर पाहावं, नंतर येऊन भांडू नये.

किंमत ठरवताना सागाचा भाव आणि हायवेच्या प्लॉटचा भाव यांची बेरीज करू नका. पाच दलालांना पाच किमती सांगू नका. विहिरीचं पाणी एप्रिलनंतर टिकत नसेल तर लपवू नका, गावात कुणीही सांगतं.

आणि घर बंद ठेवू नका. वाघळांचा वास एकदा भिनला की महिनोन् महिने जात नाही. दुसरी चावी शेजारच्या काकूंकडे द्या, आठवड्यातून एकदा दारं उघडून झाडून घ्यायला सांगा आणि त्याचे पैसे वेळेवर द्या. गिऱ्हाईक पहिली चौकशी त्यांच्याच ओट्यावर करतं.