लडाखला निघताना: जादा बॅटऱ्या किती आणि लेन्स कोणत्या

लडाखसाठी कॅमेऱ्याची बॅग भरताना बहुतेक जण सहल किती दिवसांची आहे ते पाहतात आणि त्यावरून जादा बॅटऱ्यांचा आकडा ठरवतात. हिशेबाची ही सुरुवातच चुकते. दिवस मोजण्यापेक्षा एका सॉकेटपासून दुसऱ्या सॉकेटपर्यंतचे अंतर मोजावे. ताडोब्यात सकाळची सफारी साधारण चार तासांत संपते, जीप गेटवर परत येते आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी बॅटरी खोलीतल्या चार्जरवर लागते; तिथे आठ दिवस राहिले तरी एक जादा बॅटरी पुरते. लडाखमध्ये मात्र पँगाँग सरोवराच्या काठी पहाटे पहिला फोटो काढायचा, दिवसभर चुशूलमार्गे प्रवास करून संध्याकाळी हानलेला पोहोचायचे आणि त्याच रात्री तारे टिपायचे, असा एक दिवस बहुतेकांच्या कार्यक्रमात असतो. बॅटऱ्यांची संख्या त्या एका दिवसाने ठरते, बाकीचे दिवस त्यात आपोआप बसतात.

त्यासाठी आपला कॅमेरा एका चार्जमध्ये प्रत्यक्षात किती चालतो ते आधी ठाऊक हवे. कंपनी जो आकडा देते तो जपानमधल्या ‘सीपा’ या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने ठरवून दिलेल्या चाचणीतून येतो. तापमान सुमारे २३ अंश सेल्सिअस, साधारण दर ३० सेकंदांनी एक फोटो आणि दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करणे, असे त्या चाचणीचे ढोबळ स्वरूप असते. आपण असे फोटो कधीच काढत नाही. सलग झोडपून फोटो काढणाऱ्याला त्या आकड्याच्या दुप्पट-तिप्पट मिळतात. उलट प्रत्येक फोटोनंतर पडद्यावर तो मोठा करून पाहणाऱ्याला किंवा अधूनमधून व्हिडिओ घेणाऱ्याला निम्मेही मिळत नाहीत. म्हणून हा आकडा दोन कॅमेऱ्यांची तुलना करण्यापुरता वापरावा. निकॉनच्या डी ८५० या आरशाच्या कॅमेऱ्याचा आकडा १,८४० आहे, तर सोनीच्या ए ७ थ्री या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याचा मागचा पडदा वापरल्यास ७१० आणि डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर वापरल्यास ६१०. आरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्याला दिसणारे दृश्य थेट काचेतून येते, त्याला वीज लागत नाही. मिररलेसमध्ये आपण नुसते पाहत असतानाही सेन्सर, प्रोसेसर आणि पडदा हे तिघेही खात असतात. थोडक्यात, मिररलेसमध्ये फोटोंच्या संख्येपेक्षा कॅमेरा किती वेळ जागा आहे याला महत्त्व असते.

निघण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी बॅटरी पूर्ण भरून, नेहमीच्याच सवयीने, एखाद्या किल्ल्यावर किंवा बाजारात दिवसभर फोटो काढावेत आणि बॅटरी संपेपर्यंत किती फोटो झाले, किती तास गेले ते लिहून ठेवावे. हा आपला खरा आकडा. तीन बॅटऱ्या असतील तर तिघींची वेगवेगळी परीक्षा घ्यावी, कारण चार वर्षे वापरलेली बॅटरी चेहऱ्यावरून नवीसारखीच दिसते.

आता थंडी. लिथियम-आयन बॅटरीत वीज निर्माण होते ती आयनांच्या हालचालीतून, आणि थंडीत ही हालचाल मंदावते. बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, कॅमेऱ्याने जोराने वीज मागितली की व्होल्टेज एकदम खाली येते आणि कॅमेऱ्याला वाटते की बॅटरी संपली. प्रत्यक्षात चार्ज आत असतोच, फक्त तो बाहेर येत नाही. पँगाँग सुमारे ४,२५० मीटर उंचीवर आहे. तिथे सप्टेंबरच्या अखेरीस, पहाटे साडेपाचच्या सुमारास माझ्या कॅमेऱ्यावर ५८ टक्के दिसत होते, आणि समोरच्या डोंगराच्या माथ्यावर पहिले ऊन आले त्याच क्षणी पडदा काळा झाला. मी ती बॅटरी काढून बनियनच्या आत, काखेत धरली आणि दुसरी घातली. वीसेक मिनिटांनी पहिली परत घातली तेव्हा तिने ४१ टक्के दाखवले, आणि नाश्त्यापर्यंतचे सगळे फोटो तिच्यावरच निघाले. तेव्हापासून पहाटेच्या कामासाठी मी घरी मोजलेल्या आकड्याच्या निम्मा आकडा धरतो आणि जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवतो. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलेली जादा बॅटरी कॅमेऱ्यातल्या बॅटरीइतकीच गारठलेली असते, त्यामुळे तिचा उपयोग नसतो. त्या खिशात किल्ल्या किंवा सुटी नाणी मात्र ठेवू नयेत. उघड्या संपर्कबिंदूंना धातू लागला तर शॉर्ट सर्किट होते. प्लॅस्टिकचे झाकण हरवले असेल तर चिकटपट्टीचा तुकडा पुरतो.

ही सगळी गोळाबेरीज केल्यावर, सोनीची एनपी-एफझेड १०० किंवा निकॉनची ईएन-ईएल १५ सी यांसारखी सुमारे १६ वॉट-अवरची मोठी बॅटरी असणाऱ्या कॅमेऱ्याला एकूण तीन बॅटऱ्या नेणे योग्य ठरते. कॅननची एलपी-ई १७ किंवा सोनीची जुनी एनपी-एफडब्ल्यू ५० यांची क्षमता सात-साडेसात वॉट-अवरच्या आसपास असते. अशा लहान बॅटरीच्या कॅमेऱ्याला चार-पाच लागतात. रात्री तारे टिपायचे असतील तर त्यासाठी एक वेगळी ठेवावी आणि दिवसा तिला हात लावू नये. बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा सांगणारा वॉट-अवर हा शब्द अवघड वाटला तरी हिशेब सोपा आहे: बॅटरीवर छापलेले व्होल्ट आणि मिलीअँपिअर-अवर यांचा गुणाकार करून हजाराने भागावे. ७.२ व्होल्ट आणि २,२८० मिलीअँपिअर-अवर म्हणजे १६.४ वॉट-अवर.

हाच आकडा विमानतळावर कामाला येतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही आणि कॅमेऱ्याची साधी बॅटरी या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. १०० ते १६० यांच्या मध्ये असेल तर विमान कंपनीची संमती घ्यावी लागते. पॉवर बँक २०,००० मिलीअँपिअर-अवरची असेल तर ३.७ व्होल्टने ती ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे चालते. छापील आकडा पुसट झालेली पॉवर बँक मात्र घरीच ठेवावी, कारण तपासणीच्या रांगेत क्षमता सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग आपल्याकडे नसतो.

चार्जरचा विचार बॅटरीइतकाच करायला हवा, आणि नेमका तोच राहून जातो. पँगाँगकाठच्या तंबूंमध्ये आणि आडबाजूच्या लहान मुक्कामांत वीज बरेचदा संध्याकाळचे काही तासच असते. समजा चार तास मिळाली. सोनीची मोठी बॅटरी तिच्या चार्जरवर रिकामी असल्यापासून पूर्ण भरायला सुमारे अडीच तास घेते. म्हणजे एका खणाच्या चार्जरवर त्या रात्री दीड बॅटरी भरेल, आणि खिशातल्या तीन बॅटऱ्यांपैकी दीड रिकामीच राहील. दोन खणांचा चार्जर न्यावा, किंवा एक बॅटरी चार्जरवर आणि दुसरी कॅमेऱ्यातच ठेवून यूएसबीने भरावी. त्या एकुलत्या सॉकेटवर घरातल्या सगळ्यांचे मोबाईलही हक्क सांगणार, म्हणून एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड बरोबर असावा; आमच्या घरात त्याच्याइतके कौतुक कुठल्याच लेन्सच्या वाट्याला आलेले नाही. दिवसा गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटवरूनही यूएसबीने चार्जिंग होते. वर सांगितलेल्या पॉवर बँकेतून रूपांतरातली घट वजा जाता ढोबळमानाने ५० वॉट-अवर हाती लागतात, म्हणजे तीन मोठ्या बॅटऱ्या. फक्त शून्य अंशाखाली गारठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावू नये. त्या तापमानात लिथियम धातूचा थर आत साचतो आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते. आधी ती खोलीच्या उबेला येऊ द्यावी.

जादा बॅटरी ओरिजिनलच घ्यावी का, हा प्रश्न किमतीमुळे येतो. चांगल्या नावाच्या इतर कंपन्यांच्या बॅटऱ्या मी वापरतो, पण ओळख नसलेल्या स्वस्त बॅटरीचा धडा मला लडाखमधल्याच नुब्रा खोऱ्यात मिळाला. निम्म्याहून कमी किमतीत घेतलेली एक बॅटरी हुंदरच्या वाळूत दुपारभर वापरल्यावर फुगली आणि कॅमेऱ्याच्या खणात अडकून बसली. खटका उघडूनही ती बाहेर येईना. अशा वेळी पिन किंवा चाकू घालून ती उचकटण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण आतला सेल फुटला तर आग लागू शकते. कॅमेरा बंद करून सावलीत थंड होऊ दिल्यावर आणि उलटा धरून तळहातावर हलकेच आपटल्यावर ती तासाभराने निसटली. तिला नंतर वापरण्याचा प्रश्नच नव्हता. खरेदी करताना तीन गोष्टी पाहाव्यात. त्याच आकाराच्या बॅटरीवर ओरिजिनलपेक्षा खूप जास्त क्षमता छापलेली असेल तर संशय घ्यावा. शक्य असल्यास दोन्ही स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून पाहाव्यात, कारण जास्त क्षमतेचा दावा करणारी बॅटरी वजनाला लक्षणीय हलकी असेल तर आत माल कमी आहे. आणि भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची आयएस १६०४६ या मानकाखालची नोंदणी लागते. तिचा क्रमांक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

लेन्सचा प्रश्न मी मुद्दाम बॅटरीनंतर घेतला आहे, कारण बॅगेत नवी लेन्स आली की बॅटरीचा हिशेबही बदलतो. दूरच्या प्राण्यापक्ष्यांची लेन्स घेतली की बटण अर्धे दाबून, सतत फोकस आणि कंपनरोधक यंत्रणा चालू ठेवून दहा-दहा मिनिटे वाट पाहणे आले. ताऱ्यांसाठी वाइड लेन्स घेतली की २० सेकंदांचे एक्स्पोजर आणि रात्रीची थंडी आली. यांपैकी एकही काम फोटोंच्या संख्येत दिसत नाही, पण बॅटरीत दिसते.

मुख्य लेन्स एकच असावी आणि ती शक्यतो कॅमेऱ्यावरून उतरू नये. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २४-१०५ मिलीमीटर, लहान सेन्सरवर १८-१३५ किंवा तत्सम; आकडा लहान तितके दृश्य रुंद, मोठा तितकी दूरची वस्तू जवळ. लडाखच्या रस्त्यांवर धूळ सतत उडत असते आणि वाऱ्यात लेन्स बदलली की सेन्सरवरचा ठिपका पुढच्या प्रत्येक निळ्या आकाशात दिसतो. शिवाय तिथे दृश्यच असे असते की समोरचे सरोवर २४ ला आणि त्याच्या पलीकडची एक कडा १०५ ला, दोन्ही एका मिनिटात हवे असतात. दुसरी लेन्स कोणती, इथे मात्र निवड करावी लागते. थिक्से मठाच्या अंधाऱ्या दालनांत, जिथे भित्तिचित्रांवर फ्लॅश मारू नये, आणि हानलेच्या आकाशाखाली २० मिलीमीटर एफ १.८ सारखी उजेड घेणारी वाइड लेन्स उपयोगी पडते. चांगथांग या उंच पठारावरचे कियांग, म्हणजे तिथली रानगाढवे, आणि काळ्या मानेचे क्रौंच यांच्यासाठी किमान ३०० मिलीमीटर लागते. दोन्ही घ्याव्याशा वाटतातच. अशा वेळी वजने कागदावर मांडावीत. सोनीची २४-१०५ ही ६६३ ग्रॅम, २० एफ १.८ ही ३७३ ग्रॅम आणि १००-४०० ही १,३९५ ग्रॅम. एफझेड १०० बॅटरी जेमतेम ८३ ग्रॅम. म्हणजे एका १००-४०० च्या वजनात सोळा बॅटऱ्या मावतात. जिथे मठाच्या पायऱ्या चढताना दर दहा पायऱ्यांवर दम घ्यावा लागतो, तिथे हा फरक खांद्याला कळतो. पक्षी हा सहलीचा मुख्य हेतू नसेल तर मी वाइड नेतो आणि मोठी टेलि लेन्स घरी ठेवतो. अगदीच राहवले नाही तर ७०-३०० पर्यंत तडजोड करतो. वाइड लेन्सवर पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, लावू नये, असेही सुचवेन: त्या उंचीवर आकाश मुळातच गडद असते आणि वाइडमध्ये त्याचा एक भाग काळपट, दुसरा फिका असा पट्टा उमटतो.

हानलेला २०२२ मध्ये डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचे आकाश काळोखे राखण्यासाठीचे राखीव क्षेत्र, जाहीर झाले. गाव सुमारे ४,३०० मीटरवर असल्याने उन्हाळ्यातही रात्री कडक थंडी पडते. तिथे कॅमेऱ्याच्या मेन्यूतला लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन हा, लांबलेल्या फोटोतले दाणे कमी करणारा, पर्याय आधीच बंद करावा. तो चालू असेल तर २० सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी २० सेकंद झाकल्या डोळ्यांनी दुसरा फोटो घेतो, आणि बॅटरी दुप्पट जाते. काम आटोपल्यावर कॅमेरा तसाच उबदार खोलीत नेला तर लेन्सवर आणि आतही दव धरते. कार्ड बाहेरच काढून घ्यावे, मग कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत न्यावा आणि सकाळपर्यंत पिशवी उघडू नये.

दिवसाच्या वापरात वीज वाचवणाऱ्या सवयींपैकी वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवणे सर्वांना माहीत असते. त्याहून लबाड चोर म्हणजे व्ह्यूफाइंडरजवळचा डोळा ओळखणारा सेन्सर. कॅमेरा गळ्यात लटकत असताना तो जाड जॅकेटलाच डोळा समजतो आणि चालताना आतला पडदा जळतच राहतो. दोन फोटोंमध्ये पाच मिनिटे जाणार असतील तर कॅमेरा सरळ बंद करावा. वापरलेली बॅटरी कोणती आणि भरलेली कोणती, हा गोंधळ टाळण्यासाठी मी भरलेल्या बॅटरीवर रबरबँड लावतो. काखेतून काळोखात काढलेली बॅटरी बोटांनीच ओळखू येते.

परत आल्यावर पुढच्या सहलीची तयारी म्हणून सगळ्या बॅटऱ्या पूर्ण भरून कपाटात ठेवू नयेत. साधारण निम्म्या चार्जवर, कॅमेऱ्याबाहेर, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवाव्यात आणि तीन-चार महिन्यांनी एकदा पाहून घ्याव्यात.